ट्रक हा शब्द आणि ट्रक ही वस्तू : ‘बिगफूट’च्या पुनर्घडणीचा इतिहास (१९७४–१९८९)

मिलिंदपञ्हात राजा मिलिंद रथातून भदंत नागसेनांच्या भेटीस येतो, तेव्हा नागसेन त्यास रथाविषयीच प्रश्न विचारतात. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू, दांडा, सांगाडा यांपैकी कोणते एक रथ होय? प्रत्येक प्रश्नास राजाला नकारार्थी उत्तर द्यावे लागते. आणि अखेरीस ‘रथ’ ही या सर्व अंगांच्या आश्रयाने प्रवृत्त होणारी केवळ एक संज्ञा आहे, लोकव्यवहार आहे, हे त्यास मान्य करावे लागते. या संवादाचा रोख अर्थातच रथावर नसून मनुष्याच्या आत्मत्वावर आहे. तथापि वाहनांच्या इतिहासाकडे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहू जाणाऱ्यास तो संवाद अक्षरशः घेण्याचा मोह होतो. एखाद्या वाहनाची आस बदलली, मग चाके बदलली, मग सांगाडा बदलला, आणि नाव मात्र तेच राहिले, तर इतिहासकाराने कशाचा इतिहास लिहावयाचा? नावाचा की वस्तूचा?

हा प्रश्न ज्या उदाहरणात अत्यंत स्वच्छपणे दिसतो, ते उदाहरण आपल्याकडील नाही. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, सेंट लुईस शहराच्या परिसरात, बॉब चँडलर नावाच्या गृहस्थाने फोर्ड कंपनीचा १९७४ सालचा ‘एफ-२५०’ हा चारही चाकांना गती देणारा पिकअप ट्रक घेतला, आणि पुढील काही वर्षांत त्याची मोडतोड, दुरुस्ती व पुनर्घडण करीत करीत ‘बिगफूट’ या नावाचे एक अजस्र वाहन निर्माण केले. ज्यांस आज ‘मॉन्स्टर ट्रक’ म्हणतात त्या वाहनांचा हा आदिपुरुष. त्याविषयीच्या लोकप्रिय लेखनात इतिहासाचा आरंभ १९८१ पासून, म्हणजे या ट्रकाने दोन भंगार मोटारी चिरडल्या त्या दिवसापासून, करण्याची प्रथा पडली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही प्रथा चुकीची आहे. १९८१ हे तमाशाच्या आरंभाचे वर्ष होय. वस्तूच्या इतिहासाचा गाभा त्यापूर्वीच्या सहासात वर्षांत, एका दुरुस्तीच्या कारखान्यातील तुटलेल्या एक्सलांच्या ढिगात आहे. आणि त्या इतिहासाचा शेवट १९८९ मध्ये होतो. त्यानंतरही नाव चालू राहिले. संपला तो जुना ट्रक घेऊन त्यापासून काही घडवण्याचा व्यवहार.

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजीतील ‘ट्रक’ हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभी आढळतो तो वाहन या अर्थाने नव्हे. तोफेच्या गाड्याखाली बसवीत असत त्या लहान, भरीव लाकडी चाकास ‘ट्रक’ म्हणत. त्याचा संबंध लॅटिन ‘ट्रोक्लिया’ म्हणजे कप्पी आणि त्यामागील ग्रीक ‘ट्रोखोस’ म्हणजे चाक या शब्दांशी जोडला जातो. चाकाचे नाव पुढे चाकांच्या ढकलगाडीस, आणि विसाव्या शतकात मालवाहू मोटारीस मिळाले. ‘पिकअप’ हा त्याहून पुष्कळ अर्वाचीन. उघड्या हौद्याच्या लहान मालमोटारीस उद्देशून तो विविध कारखान्यांच्या जाहिरातींत वावरत होता, आणि १९२५ साली फोर्ड कंपनीने ‘मॉडेल टी’ गाडी पिकअप हौद्यासह कारखान्यातूनच विकावयास काढल्यावर तो रूढ झाला. मराठीने ‘ट्रक’ शब्द जसाच्या तसा घेतला व त्यास पुल्लिंग दिले. ‘जीप’ मात्र स्त्रीलिंगी झाली, बहुधा ‘गाडी’च्या सादृश्याने. परंतु ट्रकाच्या अंगोपांगांसाठी आपल्या चालकांनी व मिस्त्रींनी इंग्रजीवर अवलंबून न राहता घरचे शब्द वापरले, ही गोष्ट कोशकारांनी जितकी ध्यानात घ्यावी तितकी घेतलेली नाही. माल भरावयाची जागा म्हणजे ‘हौदा’, हा हत्तीच्या पाठीवरून उतरलेला शब्द. मागील पाडता येणारी फळी म्हणजे ‘फाळका’. कमानीसारख्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा म्हणजे ‘पाटे’. आणि सांगाडा म्हणजे ‘चासी’, जो फ्रेंच ‘शासी’पासून इंग्रजीवाटे आला असला तरी आता पूर्ण मराठी झाला आहे. पुढील विवेचनात हेच शब्द वापरले आहेत. ‘एक्सल’ला मात्र ‘आस’ म्हणणे बैलगाडीपुरतेच शोभते, कारण मोटारीचा एक्सल ही केवळ चाके धरून ठेवणारी दांडी नसून चाकांस फिरवणारे यंत्र असते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने संस्कृत ‘अक्ष’ आणि इंग्रजी ‘एक्सल’ ही सख्खी भावंडे होत.

चँडलर यांच्यापूर्वी साध्या ट्रकाचे रानवाटांवर चालणाऱ्या वाहनात रूपांतर करण्याची परंपरा अमेरिकेत चांगली मुरलेली होती. साध्या ट्रकात इंजिनाची शक्ती फक्त मागील दोन चाकांस मिळते. चिखलात वा वाळूत ती घसरू लागली की पुढील दोन चाके निव्वळ ओझे होतात. पुढील एक्सलासही गती देणारी यंत्रणा बसवली की हे ओझे कामास लागते. इंडियानापोलिस येथे १९३१ साली स्थापन झालेल्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीने १९३५ पासून फोर्डच्या तयार ट्रकांना अशी यंत्रणा बसवून देण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धात अशा वाहनांची गरज प्रचंड प्रमाणात निर्माण झाली, आणि युद्ध संपताच लष्करी ट्रकाच्या धर्तीवरचा ‘डॉज पॉवर वॅगन’ १९४६ मध्ये नागरी बाजारात आला. मिनीआपोलिसच्या ‘नॅपको’ कंपनीने शेवरोले व जीएमसी पिकअपांसाठी सुट्या भागांचा संच तयार केला. तो इतका चालला की १९५६ मध्ये जीएमसीने व १९५७ मध्ये शेवरोलेने तो आपल्या कारखान्यातच बसवून देण्याची सोय केली. फोर्डने १९५९ पासून स्वतःची यंत्रणा दिली. येणेप्रमाणे जे आधी कारागिराने केले ते मागाहून कारखान्याने उचलले, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. चँडलर यांचा ‘एफ-२५०’ हा याच क्रमाचे फळ होता. म्हणजे तो घेतला गेला तेव्हाच त्याच्या पाठीशी चाळीस वर्षांच्या पुनर्घडणीचा इतिहास होता, फक्त तो आता दिसेनासा झाला होता.

चँडलर मूळचे बांधकामाच्या व्यवसायातले. कामावर व फावल्या वेळी ते हा ट्रक आडरानात नेत आणि तो वारंवार मोडून आणीत. मध्य-पश्चिम अमेरिकेतील मोटारीच्या दुकानांत चारचाकी गतीच्या वाहनांचे सुटे भाग सहसा मिळत नसत. तेव्हा १९७५ मध्ये पत्नी मॅरिलिन व मित्र जिम क्रेमर यांच्यासह त्यांनी ‘मिडवेस्ट फोर व्हील ड्राइव्ह’ या नावाचे दुकान व कारखाना काढला. ट्रक हीच दुकानाची जाहिरात. नवीन भाग आला की तो आधी या ट्रकावर चढावयाचा, आणि लोकांनी तो पाहून आपल्या ट्रकासाठी मागावयाचा. हा व्यवहार ध्यानात घेतल्याखेरीज पुढील वाढीची संगती लागत नाही. ट्रक मोठा होत गेला तो कोणा कल्पकाच्या आराखड्यानुसार नव्हे. मोडलेला भाग बदलताना त्याहून दणकट भाग बसवावा, आणि दणकट भाग बसला की आणखी मोठे चाक लावावे, या दुकानदारी व हौस यांच्या मिश्रणातून तो वाढला.

मोठ्या चाकाने एक्सल का मोडतो, हे थोडे हिशेबाने पाहणे अगत्याचे आहे, कारण या इतिहासाची सारी कार्यकारणपरंपरा त्या हिशेबात आहे. समजा, साध्या पिकअपाचे चाक ३० इंच व्यासाचे आहे आणि एक्सलातील दंतचक्रांचे प्रमाण ४.१० आहे, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा ४.१० वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. हे प्रमाण जितके मोठे तितकी चाकाची ओढ अधिक. आता त्याच एक्सलावर ४८ इंची चाक चढवले, तर जमिनीशी पोहोचणारी ओढ ३० भागिले ४८ या प्रमाणात घटते, आणि ४.१० चा एक्सल जणू २.५६ चा असल्याप्रमाणे वागू लागतो. गाडी सुस्त होते. ती हलविण्यासाठी इंजिनाला जोर करावा लागतो. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अधिक घातक आहे. चाक घसरू लागण्यापूर्वी एक्सलाच्या दांड्यावर जास्तीत जास्त किती पीळ येऊ शकेल हे चाकावरील भार, जमिनीची पकड आणि चाकाची त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरते. त्रिज्या दीडपटीहून अधिक झाली, चाक रुंद झाल्याने पकड वाढली, आणि जड भागांमुळे भारही वाढला, म्हणजे लहान चाकाच्या वेळी जेथे चाक घसरून दांड्याची सुटका होत असे तेथे आता चाक घसरतच नाही. सारा पीळ दांड्यात साठतो आणि दांडा मध्येच तुटतो. लहान चाकाचे घसरणे हे एका अर्थी यंत्राचे संरक्षण होते. मोठे चाक ते संरक्षण काढून घेते.

यावर उपाय एकच : अधिक जाड दांड्याचा आणि अधिक मोठ्या प्रमाणाच्या दंतचक्रांचा एक्सल. असा एक्सल पिकअप बनविणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या सूचीत नव्हता. तो होता लष्कराच्या मोडीत. अमेरिकन सैन्याने १९५० पासून वापरात आणलेल्या ‘एम-३५’ मालिकेतील ट्रकांचे रॉकवेल एक्सल ६.७२ या प्रमाणाचे होते. वरील हिशेबात ४८ इंची चाकासह मूळची ओढ परत मिळविण्यास ६.५६ हे प्रमाण लागते, हे वाचकांनी ताडून पाहावे. जे अंक शत्रूच्या प्रदेशातील चिखलाचा विचार करून ठरले होते, ते दुकानदाराच्या जाहिरातीस जवळजवळ जसेच्या तसे लागू पडले.

येथे पुन्हा एक भाषिक सूक्ष्म आहे. ‘एम-३५’ यास अमेरिकन सैन्यात ‘अडीच टनी’ म्हणत, आणि त्याहून मोठ्या ट्रकास ‘पाच टनी’. चँडलर यांचा ‘एफ-२५०’ हा ‘पाऊण टनी’ वर्गातला. या संख्या वाहनाच्या वजनाच्या नव्हेत, हे न जाणल्याने काही लेखकांनी गोंधळ केला आहे. ‘अडीच टनी’ ट्रक रिकामाच सुमारे सहा टनांचा असतो. अडीच टन हा त्याने आडवाटेने वाहून न्यावयाचा नाममात्र भार होय. पाऊण टनी पिकअपच्या खाली लष्करी ट्रकाचे एक्सल आले आणि पुढे त्यांची जागा पाच टनी ट्रकांच्या एक्सलांनी घेतली. वर हौदा पाऊण टनीच राहिला. वर्गवाचक संज्ञा आणि वस्तू यांची फारकत येथूनच सुरू झाली.

एक्सल बदलले म्हणजे सर्व संपले असे होत नाही. लष्करी एक्सलाचे वजन पेलावयास पाटे वाढवावे लागतात. पाटे वाढले की ट्रक उंच होतो. उंच झाला की इंजिनापासून एक्सलाकडे जाणारे दांडे तीव्र कोनात उतरतात आणि त्यांचे सांधे झिजून जातात. म्हणून दांड्यांची रचना बदलावी लागते. मोठी चाके वळताना हौद्याच्या व दर्शनी पत्र्याच्या आड येतात, म्हणून पत्रा कापावा लागतो. आणि एवढे मोठे चाक फारसे वळतच नाही, म्हणून वळणास अतोनात जागा लागते. चँडलर यांनी मागील चाकेही वळतील अशी योजना केली, आणि आपल्या पूर्वजापासून या ट्रकाचे वेगळेपण सांगणारी ही पहिली गोष्ट होय असे म्हणावयास हरकत नाही. कारण बाकीचे सारे ‘अधिक’ होते, हे मात्र ‘अन्य’ होते. चारही चाके वळविणारा हा ट्रक १९७९ मध्ये डेन्व्हर येथील प्रदर्शनात मानधन घेऊन मांडला गेला. म्हणजे मोटारी चिरडण्यापूर्वी दोन वर्षे केवळ त्याची घडण पाहण्यासाठी लोक येत होते. एका कारागिराने केलेले काम दुसऱ्यांनी वाकून, खाली शिरून पाहावे, अशा प्रकारची ती कीर्ती होती.

नावाची कथाही कारखान्यातलीच. इतके भाग मोडतात ते चँडलर यांच्या जड पावलामुळे, म्हणजे वेगाच्या पट्टीवर त्यांचा पाय फार जोराने पडतो म्हणून, अशी थट्टा कारखान्यातील व्यवस्थापक रॉन मॅग्रुडर यांनी केली, आणि त्यातून ‘बिगफूट’ हे नाव ट्रकाला मिळाले. या शब्दास त्या काळी दुसराही अर्थ होता. उत्तर कॅलिफोर्नियाच्या अरण्यात सापडलेल्या प्रचंड पाऊलखुणांच्या बातम्यांवरून १९५८ साली एका वृत्तपत्राने त्या अदृश्य वनमानवास हेच नाव रूढ करून दिले होते. आज ट्रकाचे नाव ऐकणाऱ्यास तो वनमानव आठवतो आणि मोठी चाके म्हणजेच मोठे पाऊल असे तो समजतो. मूळ अर्थ मोडतोडीचा होता, हे विसरले गेले. नामकरणात भागांच्या तुटण्याची आठवण होती, आणि नामाच्या प्रसिद्धीने तीच पुसली. लोकव्युत्पत्तीची अशी उदाहरणे भाषाशास्त्राच्या वर्गात पुष्कळ सांगितली जातात. हे त्यांतले एक नवे समजावे.

१९८१ मध्ये चँडलर यांनी एका शेतात दोन भंगार मोटारी ठेवून त्यांवरून ट्रक नेला व त्याचे चित्रण केले. ती चित्रफीत दुकानात लावलेली असताना एका आयोजकाने पाहिली आणि हाच प्रकार लोकांसमोर करण्याची मागणी केली. विध्वंसाच्या प्रदर्शनाने आपल्या दुकानाच्या नावास बट्टा लागेल अशी शंका चँडलर यांस प्रथम आली होती. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १९८२ मध्ये मिशिगनमधील पाँटिअॅक येथील प्रचंड क्रीडागृहात तो प्रयोग झाला, आणि तेथे ४८ ऐवजी ६६ इंची चाके दिसली. सर्वप्रथम मोटारी कोणी चिरडल्या याविषयी इतरांचेही दावे आहेत. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण चिरडणे ही वाहनाच्या घडणीतील घटनाच नव्हे.

६६ इंची चाक मात्र घडणीतील घटना होय. हे चाक मोटारीसाठी निर्माण झालेले नव्हते. ओल्या शेतात खत पसरविणाऱ्या अवजड यंत्राने जमीन दाबू नये, पिकाचे व मातीचे नुकसान होऊ नये, म्हणून ते ४३ इंच रुंद आणि आत हवेचा दाब अगदी कमी ठेवण्याजोगे केलेले होते. मातीवर हलके पाऊल टाकावे म्हणून जन्मलेले चाक दुसऱ्याच्या मोटारीवर चढून ती चपटी करण्याच्या कामी आले. वरील हिशेब पुन्हा मांडला तर ६.७२ चा एक्सलही आता ३.०५ सारखा वागतो. तेव्हा पाच टनी एक्सल आले, आणि यथावकाश प्रत्येक चाकाच्या तुंब्यातच आणखी एक दंतचक्रांची जोडणी असलेले, म्हणजे एका सूर्यचक्राभोवती लहान ग्रहचक्रे फिरविणारे, अवजड यंत्रांचे एक्सल आले. त्यांचा गुण असा की ओढ वाढविण्याचे शेवटचे काम चाकापाशी होते, त्यामुळे मधल्या दांड्यास कमी पीळ सोसावा लागतो. ज्या दुखण्यापासून आरंभ झाला त्यावर हे खरे औषध होय. ते सापडावयास दहा वर्षे लागली. त्या काळातील वाहनांचे वजन सहापासून नऊ टनांपर्यंत गेले होते.

याच सुमारास ‘मॉन्स्टर ट्रक’ ही संज्ञा प्रचारात आली; तिचे श्रेय बॉब जॉर्ज या आयोजकास दिले जाते. ‘ट्रक’ म्हणजे मूळचे लहान, भरीव चाक. चाकाचे नाव पुढे वाहनास मिळाले, आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात असे वाहन निर्माण झाले की ज्यात चाकाखेरीज पाहण्याजोगे काही उरले नाही. शब्द तीनशे वर्षांनी घरी परतला; मात्र त्यातला ‘लहान’ हा अर्थ वाटेत सांडला.

चाकांची ही वाढ १९८६ मध्ये ‘बिगफूट ५’ या वाहनात पराकोटीस पोहोचली. त्याची चाके १० फूट उंच आहेत. ती कोणी त्यासाठी बनविली नाहीत. १९५० च्या दशकात, सोव्हिएत संघाशी शीतयुद्ध चालू असताना, अमेरिकन सैन्याने अलास्काच्या रस्ते नसलेल्या हिमप्रदेशात सामान नेण्यासाठी रुळांवाचून चालणाऱ्या आगगाडीसारखी एक मालिका लटूर्नो कंपनीकडून करवून घेतली होती. तीत प्रत्येक चाकाच्या तुंब्यात स्वतंत्र विजेची मोटर होती, त्यामुळे एक्सल तुटण्याचा प्रश्न मुळातच नव्हता. विमाने व हेलिकॉप्टरे यांनी त्या गाड्यांचे काम संपविले, त्या मोडीत निघाल्या, आणि त्यांची चाके चँडलर यांनी विकत घेतली. ‘बिगफूट ५’ साडेपंधरा फूट उंच आहे, दुहेरी चाकांसह त्याचे वजन सतरा टनांच्या वर जाते, आणि तो जवळजवळ काहीच करू शकत नाही. त्याची नोंद विक्रमांच्या ग्रंथात झाली आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे : लष्कराचे एक्सल, खताच्या यंत्राचे चाक, ध्रुवप्रदेशातील मालगाडीचे चाक, अशी ही परंपरा पाहिली म्हणजे या वाहनांचे खरे जन्मस्थान सेंट लुईसचा कारखाना की सरकारी मोडीचा बाजार, असा प्रश्न पडतो. युद्ध व मोठी शेती यांनी टाकून दिलेल्या वस्तूंवर एका सामान्य दुकानदाराची हौस पोसली गेली. असे जुने भाग स्वस्त व मुबलक नसते, तर ‘एफ-२५०’ पुष्कळ वेळा मोडला असता, आणि शेवटी विकला गेला असता.

यानंतर दिशा पालटली, आणि ती पालटण्याचे कारण शर्यत. नुसते चिरडणे पाहून प्रेक्षक कंटाळले, तेव्हा मोटारींच्या रांगांवरून कोण आधी जातो याची चढाओढ सुरू झाली. शर्यतीत वजन हा शत्रू. ‘इक्वलायझर’ या ट्रकाने पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा व धक्काशोषक यांची जोडणी आणली. ‘टॉरस’ नावाच्या ट्रकाने वजन सुमारे ९,००० रतलांपर्यंत, म्हणजे चार टनांच्या आसपास, खाली आणले. १९८८ मध्ये टीएनटी या संस्थेच्या गुणांवर आधारलेल्या मालिकेत विजय मिळाला तो मिनेसोटाच्या एव्हरेट जॅस्मर यांच्या ‘यूएसए-१’ या शेवरोले ट्रकास. त्याच वर्षी चँडलर यांनी ब्रेडन व जॉर्ज कार्पेंटर यांच्यासह या वाहनांच्या शर्यतींचे नियम ठरविणारी संघटना स्थापिली, आणि सुरक्षिततेसाठी दुरून इंजिन बंद करण्याच्या साधनासारख्या अटी हळूहळू सार्वत्रिक झाल्या. त्यांची गरज होती यात संशय नाही. नऊ टनांचे वाहन प्रेक्षकांकडे वळले तर काय होईल हे सांगावयास नको.

१९८९ मध्ये ‘बिगफूट ८’ आला. त्याचा सांगाडा कोणत्याही ट्रकाचा नव्हता. पोलादी नळ्या जोडून, संगणकाच्या साहाय्याने आरेखन करून, तो मुळापासून तयार केलेला होता. पाटे गेले, त्यांच्या जागी तरफेच्या तत्त्वावरील टांगणी व नायट्रोजन वायूचे धक्काशोषक आले. वरचे कवच काचतंतूचे, फोर्ड पिकअपच्या आकाराचे. या पद्धतीच्या वाहनांत दिवे बहुधा रंगवलेले वा चिकटवलेले असतात, दार उघडण्यासाठी नसते, फाळका पाडण्यासाठी नसतो, आणि पुढील काळात चालकाची बैठकही मध्यभागी आली. ज्यास नागसेनांनी संज्ञा म्हटले असते, तीच तेवढी उरली, तीही काचतंतूची.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा मोठा पल्ला होय, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. नवे वाहन उडी घेते, उलटले तरी चालकाचा जीव राखते. जुने तसे करू शकले नसते. परंतु त्याबरोबर एक दार बंद झाले, याची नोंद कोणी फारशी केलेली नाही. १९७५ ते १९८८ या काळात ज्याच्या अंगणात जुना पिकअप होता, ज्याला सांधकाम येत होते आणि जो मोडीच्या बाजारात हिंडावयास तयार होता, त्यास या खेळात शिरता येत असे. ‘यूएसए-१’ मूळचा १९७० सालचा शेवरोले होता. अन्य अनेक ट्रकांची कुळकथा अशीच. तीत चूक करण्यास जागा होती, कारण प्रत्येक चूक हा पुढील सुधारणेचा पाठ होता. ‘बिगफूट ८’ नंतर जुना ट्रक घेऊन येणाऱ्यास तेथे काही काम उरले नाही. मार्मन-हेरिंग्टनच्या काळापासून कारागिराचे काम कारखान्याकडे जात आले होते. या वेळी विशेष एवढाच, की ते कारागिराच्या स्वतःच्या हातानेच गेले. चँडलर यांच्याच कारखान्याने चँडलर यांच्यासारख्या नवशिक्यांचा मार्ग बंद केला. जुन्या ट्रकाची पुनर्घडण त्यानंतरही चालूच राहिली, पण ती चिखलाच्या शर्यतींत, खडकांवर चढण्याच्या छंदात, आडगावच्या कोठारांत. तेथे लष्करी एक्सल हाच अजूनही पहिला मोठा खर्च असतो. तिचे इतिहासकार कोणी नाहीत.

हा विषय मराठी विद्यार्थ्यास परका का वाटतो, त्याचे एक कारण कायद्यात आहे. आपल्याकडील मोटार वाहन अधिनियम १९८८ सालचा, म्हणजे वर उल्लेखिलेल्या संघटनेच्याच वर्षाचा. त्याच्या ५२ व्या कलमात २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ निश्चित केलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थास पुष्टी दिली. रस्त्यावरील इतरांच्या जिवाचा विचार करता हे योग्यच होय. परंतु तत्त्वतः पाहिले तर येथे नागसेनांच्या प्रश्नाचे एक निश्चित उत्तर विधिमंडळाने देऊन ठेवले आहे. वाहन म्हणजे निर्मात्याने सांगितले ते. मालकाने आस बदलली, चाके बदलली, तर नाव टिकेल की नाही हे तो ठरवू शकत नाही. सेंट लुईसच्या कारखान्यातील उत्तर याच्या नेमके उलट होते : निर्मात्याचे सारे गेले तरी मालक ज्यास ‘माझा फोर्ड’ म्हणतो तो फोर्डच. या दोन उत्तरांपैकी दुसऱ्याचा पुरावा म्हणून ‘बिगफूट’ पुढे करावयाचा झाल्यास, १९७४ सालच्या मूळ वाहनातील कोणते भाग कोणत्या वर्षी निघाले व त्यांच्या जागी कोणत्या यंत्राचे कोणते भाग आले, यांची वर्षवार यादी आधी करावी लागेल. चाके चिरडताना टिपलेली छायाचित्रे त्या कामी निरुपयोगी आहेत. ट्रकाखाली पाठीवर निजून काढलेली छायाचित्रे मिळाली पाहिजेत.